एक पडदा, दोन वाचक

सांख्यशास्त्रांत ‘अंधपंगुन्याय’ म्हणून एक दृष्टांत प्रसिद्ध आहे. एक आंधळा आणि एक पांगळा रानांत सांपडले. आंधळ्याचे पाय धड होते, पण त्याला वाट दिसत नव्हती. पांगळ्याला वाट दिसत होती, पण त्याच्यानें चालवत नव्हतें. तेव्हां आंधळ्यानें पांगळ्यास खांद्यावर घेतलें. वरचा वाट सांगूं लागला, खालचा चालूं लागला, आणि दोघेही इष्ट स्थळीं पोंचले. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत हा दृष्टांत प्रकृति आणि पुरुष यांच्या संयोगासाठीं आला आहे. आपल्या घरांतून मात्र तो मुलांना परस्परसाह्याचा धडा म्हणूनच बहुधा सांगण्यांत येतो. मीही तो लहानपणीं आजोबांच्या मांडीवर बसून ऐकला. त्या गोष्टींतील आंधळ्याची भूमिका पुढें आपल्याच वांट्यास यावयाची आहे, ही कल्पना तेव्हां कोणास असणार?

ती आली खरी. दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्यांत आरंभीं रात्रीचें दिसेनासें होतें, मग दृष्टीचें क्षेत्र कडांकडून आंत आंत आवळत जातें, आणि अखेर नळींतून पाहावें तेवढेंच जग शिल्लक राहतें. माझ्या बाबतींत वयाच्या ३२ व्या वर्षीं तेंही उरलें नाहीं. पुण्यांतील एका संस्थेच्या हिशेबखात्यांत मी त्या आधींपासून नोकरीस होतें, आणि आजही त्याच मेजावर आहें. ह्या काळांत डोळस सहकाऱ्यांबरोबर एकाच संगणकापुढें बसण्याचे प्रसंग इतके आले, कीं त्या अनुभवावरून मी आजोबांच्या त्या गोष्टीविरुद्ध एक लहानशी तक्रार घेऊन वाचकांपुढें आलें आहें.

तक्रार अशी. डोळस मनुष्य आंधळ्या सहकाऱ्याशेजारीं खुर्ची ओढून बसला, कीं नकळत तो त्या गोष्टींतील पांगळ्याची जागा घेतो. ‘मी पाहतों, तुम्ही करा,’ असें तो म्हणतो. आणि थोडी घाई असली कीं ‘मी पाहतों आणि मीच करतों,’ येथवर येतो. त्याच्या मनांत उपकार करण्याचीच बुद्धि असते. परंतु ज्याच्या खांद्यावर आपण बसलों तो मनुष्य स्वतः वाट वाचूं शकतो, एवढी एकच गोष्ट त्याला ठाऊक नसते, आणि तेथेंच सारा घोंटाळा होतो.

बोलका पडदा

दृष्टि गेलेला मनुष्य संगणक वाचतो तरी कसा, असा प्रश्न कित्येकांच्या मनांत येईल. त्यासाठीं ‘स्क्रीन रीडर’ नांवाची एक आज्ञावली असते. तिला आपण पडदावाचक म्हणूं. हा वाचक पडद्याकडे डोळे लावून बसलेला नसतो. पडद्यावरील प्रत्येक ओळ, प्रत्येक बटन, प्रत्येक चौकट यांचें नांव, प्रकार आणि स्थिति यांची नोंद संगणकाच्या पोटांत असते. ती विचारून घेऊन तो कृत्रिम आवाजांत सांगतो. ‘जतन करा, बटन’. ‘संमति, खूण केलेली नाहीं’. अशी त्याची भाषा. ज्याला नांव दिलेलें नाहीं तें त्याला सांगतां येत नाहीं. कारागिरानें बटनावर कितीही सुबक चित्र काढलें, पण त्याचें नांव लिहावयाचें तो विसरला, तर पडदावाचक त्याला नुसतें ‘बटन’ म्हणून पुढें सरकतो. माऊसचा बाण कोठें आहे हें न दिसणाऱ्याला काय कळणार? म्हणून आमचें सर्व काम कळफलकावरून चालतें.

ह्या साधनाचा जन्मच मुळीं एका डोळस आणि एका अंध सहकाऱ्याच्या सोबतींतून झाला, हें फार थोड्यांस माहीत असेल. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनींत जिम थॅचर हे संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांचे गुरु आणि पुढें सहकारी जेसी राइट हे अंध होते. ह्या दोघांच्या प्रयत्नांतून जें साधन तयार झालें तें १९८६ सालीं ‘स्क्रीन रीडर’ ह्या नांवानें बाजारांत आलें, आणि तें विशेषनाम पुढें अशा सर्व साधनांचें सामान्यनाम होऊन बसलें. टेड हेंटर हा मोटारसायकलच्या शर्यतींतील खेळाडू. १९७८ सालच्या एका मोटार-अपघातांत त्याचे डोळे गेले. त्याच्या कंपनीनें १९८९ सालीं ‘जॉज’ हा पडदावाचक काढला, आणि तो अद्याप पुष्कळ कचेऱ्यांतून वापरांत आहे. २००६ सालीं मायकेल करन ह्या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणानें ‘एन. व्ही. डी. ए.’ हा पडदावाचक लिहावयास घेतला आणि तो कोणालाही विनामूल्य मिळेल असा ठेवला. माझ्या मेजावर तोच आहे, आणि तो मराठीही वाचतो.

आतां डोळा आणि कान यांतील मुख्य भेद सांगतें. डोळ्यापुढें सबंध पान एकदम उघडतें. मथळा, बेरीज, कोपऱ्यांतील तारीख हीं सर्व एका दृष्टिक्षेपांत येतात. कानाला पान मिळत नाहीं, दोरा मिळतो. एका वेळीं एकच मणी हातीं लागतो. म्हणून आम्ही तो दोरा झरझर ओढावयास शिकतों. माझ्या यंत्राचा वेग इतका असतो, कीं नवख्याला ती भाषा न वाटतां टिटवीचा कलकलाट वाटावा. उलट, डोळा सवयीनें जें गृहीत धरून पुढें जातो, तें कान सोडीत नाहीं. कारण त्याला प्रत्येक मण्यावरून जावेंच लागतें. म्हणजे दोघेही वाचकच. एकाच ग्रंथाच्या दोन निरनिराळ्या वाचनपद्धति, एवढेंच.

मार्चअखेरची गोष्ट

कांहीं वर्षांपूर्वींच्या मार्च महिन्यांतील प्रसंग आहे. वर्षाचे हिशेब बंद करण्याची धांदल चालली होती. शेजारच्या मेजावरील माझे सहकारी वयानें माझ्याहून लहान, स्वभावानें अत्यंत गोड. मला ते ‘ताई’ म्हणतात. एका तक्त्यांत आम्हां दोघांना मिळून रकमा भरावयाच्या होत्या. ते खुर्ची घेऊन माझ्या उजवीकडे येऊन बसले. यंत्राचा आवाज माझ्या कानांतील हेडफोनमधून फक्त मला ऐकूं येत होता, आणि पडदा फक्त त्यांना दिसत होता. दोघे एकाच मेजाशीं बसलों होतों, पण एकाच जागीं नव्हतों.

“ताई, इथें नाहीं, जरा खालीं, त्या लाल चौकटी आहेत ना, तिथपर्यंत,” ते म्हणाले. ‘इथें’ म्हणजे कोठें, हें मला कळेना. आणि लाल रंग तर माझ्या वाचकानें उच्चारलाही नव्हता. रंग सांगण्याची सोय त्यांत आहे, पण विचारल्यावांचून तो सांगत नाहीं. त्यांचें बोलणें नीट ऐकावें म्हणून मीं हेडफोन काढून गळ्यांत अडकवला. तेवढ्या अवधींत, मला सोपें जावें ह्या हेतूनें, त्यांनीं माऊस हातीं घेऊन त्या लाल चौकटीवर टिचकी मारली. यंत्रानें नव्या चौकटीचें नांव सांगितलेंही असेल. पण तें माझ्या गळ्यांतच बोललें. इतक्यांत त्यांचा फोन वाजला आणि त्यांनीं तोंड वळविलें. मी मात्र आपण पूर्वींच्याच जागीं आहों अशा समजुतीनें चार रकमा एकामागून एक भरून मोकळी झालें.

लाल रंगाचा अर्थ होता, ‘तपासून झालें, येथें हात लावूं नये’. दुसरे दिवशीं ताळा जमेना. चार बरोबर रकमांवर चार चुकीच्या रकमा बसल्याचें सांपडावयास रात्रीचे नऊ वाजले, आणि अहवाल एक दिवस उशिरां गेला.

साहेबांनीं मला बोलावून घेतलें. ते रागावले नाहींत. “बाई, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाहीं,” ते म्हणाले, “परंतु यापुढें नोंदींचें काम इतर मंडळी करतील. तुम्ही टेलिफोन आणि पत्रव्यवहार पाहा. तुम्हांलाही त्रास कमी.” त्यांच्या बोलण्यांत दुष्टपणाचा लेशही नव्हता, आणि तेंच मला अधिक झोंबलें. रागाला उत्तर देतां येतें; दयेला काय उत्तर द्यावें? हिशेब हें माझें काम होतें. डोळे गेल्यावर मी तें पुन्हां पहिल्यापासून कानांनीं शिकलें होतें. तें हातचें गेलें असतें तर खुर्ची राहिली असती, पगार राहिला असता, आणि मी मात्र त्या कचेरींतली उरलें नसतें.

कायदा माझ्या बाजूस होता, हें मला ठाऊक होतें. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधींचा कायदा २०१६ सालीं झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. नोकरींत असलेल्या दिव्यांग मनुष्याला काम करतां यावें म्हणून वाजवी सोयी करून देण्याचें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. पण कायद्यानें काम परत मिळालें, तरी शेजारीं बसणाऱ्याचा विश्वास त्यानें परत मिळत नाहीं. म्हणून मी साहेबांजवळ फक्त तीन महिन्यांची मुदत मागितली. ती त्यांनीं थोड्या नाखुषीनें दिली.

सासूबाईंचा दृष्टांत

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर हा वृत्तांत मीं घरीं सांगितला. मंडळी हळहळली, भाऊजींनीं साहेबांना चार शब्द सुनावण्याची भाषा केली. सासूबाई मात्र सुपारी कातरतां कातरतां शांतपणें म्हणाल्या, “अगं, एका चुलीवर दोघी स्वयंपाक करतात तेव्हां आमटींत मीठ घातलेलीनें ‘घातलें गं’ म्हणून सांगायला नको का? नाहींतर मीठ दोनदां तरी पडतें, नाहींतर पडतच नाहीं. आमच्या वेळीं आम्ही पांच जावा एका स्वयंपाकघरांत होतों. डोळे सगळ्यांचे धड होते, तरीसुद्धां सांगावें लागायचें.”

सांख्यकारिकेनें जें मला शिकविलें नाहीं तें ह्या मिठानें शिकविलें. आमची चूक आंधळेपणाची नव्हतीच. ती न बोलतां हात घालण्याची होती. आणि ती एकट्या सहकाऱ्यांची होती असेंही नव्हे. मीही पूर्वीं कित्येकदां त्यांना शेजारीं बसवून, एक शब्द न बोलतां, कळा दाबीत पानांमागून पानें उलटविलीं होतीं. त्यांच्या डोळ्यांपुढें पडदा नुसता उड्या मारीत असे, आणि बाई कोठें आहेत, काय करीत आहेत, हें त्या बिचाऱ्यांना कळत नसे. जें माझ्या बाबतींत ‘इथें, तिथें’ होतें, तेंच त्यांच्या बाबतींत माझें मौन होतें.

दुसरे दिवसापासून कचेरी सुटल्यावर तीन संध्याकाळ आम्ही दोघे बसलों आणि नियम ठरविले. ते येथें देतें; कोणाच्या तरी उपयोगीं पडतील.

पहिला नियम, एका वेळीं एकच हात. ज्याला माऊस किंवा कळफलक हवा असेल त्यानें मागावा. घेतल्यावर ‘घेतलें’ आणि सोडल्यावर ‘दिलें’ म्हणावें. घेणारा कितीही घाईंत असो, ह्याला अपवाद नाहीं.

दुसरा, ‘इथें’, ‘तिथें’, ‘हें’, ‘तें’ हे शब्द वर्ज्य. तक्त्यांतील प्रत्येक चौकटीला रकान्याचें अक्षर आणि ओळीचा क्रमांक असतो. ‘एफ ४२’ म्हटलें कीं दोघेही एका क्षणांत एकाच घरीं पोंचतात. पत्र असेल तर मथळा आणि परिच्छेद सांगावा.

तिसरा, दोघे बसले असतां आवाज दोघांचा. हेडफोन बाजूस ठेवून यंत्राचा आवाज मेजावर मोकळा सोडावा आणि वेग निम्म्यानें कमी करावा. मला तें रखडणें सुरुवातीस असह्य होई, पण खुर्ची ओढून आलेल्या पाहुण्याच्या पायाशीं पाय जुळवून चालणें हाही शिष्टाचारच आहे. शिवाय माझ्या पडदावाचकांत दोन सोयी आहेत, ज्यांच्याकडे मीं आजवर लक्ष दिलें नव्हतें. कारण त्या माझ्यासाठीं नव्हत्याच. एकीनें यंत्र जें जें बोलतें तें तें एका लहानशा खिडकींत अक्षरांत उमटतें; दुसरीनें मी ज्या जागीं असेन त्या जागेभोंवतीं ठळक चौकट दिसते. त्या दोन्ही चालू केल्याबरोबर सहकारी उद्गारले, “ताई, आज पहिल्यांदा कळलें तुम्ही कुठें असतां तें!”

चौथा, मी जागा बदलली कीं तोंडानें सांगेन. ‘बेरजेवर जातें,’ ‘मागील पानावर आलें,’ इतकें पुरतें. पांचवा, ते बोलूं लागले कीं मी यंत्राला गप्प करीन. एक कळ दाबली कीं तें थांबतें. दोन आवाज एकदम ऐकण्याचा पराक्रम कोणी करूं नये. आणि सहावा, केवळ रंगावर कसलाही अर्थ ठेवावयाचा नाहीं. लाल रंग खुशाल द्यावा, पण शेजारच्या रकान्यांत ‘तपासलें’ हा शब्दही लिहावा. हा शेवटचा नियम पुढें सबंध खात्यानें उचलला. आमच्यांतील एका गृहस्थांना लाल आणि हिरवा यांतील भेदच नीट ओळखूं येत नाहीं, हें त्या निमित्तानें बाहेर आलें. इतकीं वर्षें ते संकोचानें गप्प होते!

काळा पडदा आणि दूरची बैठक

एक गंमतीची हकीकतही येथें सांगितली पाहिजे. आपल्या पाठीशीं कोण उभें राहून वाचीत आहे हें डोळस मनुष्याला चाहुलीनें नाहीं तरी तिरक्या नजरेनें कळतें. मला कळत नाहीं. म्हणून पगारासारखीं खासगी पत्रकें पाहतांना मी पडदा पार काळा करून टाकतें. पडदावाचकांत तशी सोय आहे. एके दिवशीं नवीन आलेला शिपाई बराच वेळ माझ्या मेजाशीं उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, “बाई, मशीन बंद आहे; तासभर झाला तुम्ही नुसत्याच बटनं दाबताय.” त्याची समजूत घालतांना सगळें खातें हसूं लागलें. पण त्यांतला गंभीर भाग हा, कीं सहकाऱ्यांसाठीं पडदा उघडणें जसें सौजन्य आहे, तसाच तो मिटणें हा माझा हक्क आहे. एकाच्या अंधत्वामुळें त्याचें पत्र सार्वजनिक होत नाहीं.

२०२० सालच्या महामारींत कचेरी घरांत आली, आणि ‘पडदा वांटून घेणें’ ह्या शब्दाला नवाच अर्थ आला. आतां प्रत्येक बैठकींत कोणीतरी आपला पडदा सर्वांस दाखवितो. माझ्या पहिल्याच खेपेस मीं दोन चुका केल्या. संगणकाचा आवाजही पाठविण्याची खूण राहून गेली होती. त्यामुळें माझ्या यंत्राचा टिटवीसारखा कलकलाट सतरा जणांच्या कानीं गेला. दुसरें म्हणजे, तेवढा अहवाल दाखविण्याऐवजीं मीं सबंध पडदा उघडला, आणि जाऊबाईंनीं स्वयंपाकघरांतून पाठविलेला ‘दूध नासलें, येतांना आणा’ हा निरोप साहेबांसह सर्वांनीं वाचला. तेव्हांपासून मी फक्त एकच खिडकी उघडतें, निरोपांचीं तोंडें आधीं बंद करतें, आणि आरंभीं एका सहकाऱ्याला नांव घेऊन विचारतें, ‘आपल्याला काय दिसत आहे?’ हें विचारण्यांत मला कमीपणा वाटत नाहीं. डोळस वक्तेही हल्लीं ‘दिसतंय ना?’ असें विचारतातच.

याच्या उलट बाजूही लक्षांत ठेवावयास हवी. दुसरा कोणी आपला पडदा दाखवितो तेव्हां माझ्याकडे त्याचें केवळ चलच्चित्र येतें. त्यांत अक्षरें असतात तीं डोळ्यांसाठीं. माझ्या वाचकाला त्यांतलें एकही उचलतां येत नाहीं. ‘हा तक्ता पाहिला म्हणजे सर्वांच्या लक्षांत येईलच,’ असें वक्ता म्हणतो, आणि त्या ‘सर्वां’तून मी अलगद गळतें. उपाय अगदीं सोपा आहे. मूळ कागद आदल्या दिवशीं पाठवावा आणि बोलतांना कोणत्या पानावर आहों तें सांगावें. आमच्याकडे हा प्रघात पडल्यापासून इतर मंडळीही कागद आधीं वाचून येऊं लागली आणि बैठकी लवकर आटोपूं लागल्या.

एक ‘ओ’

मुदतीचे तीन महिने संपत आले होते. जूनअखेरच्या तिमाही हिशेबांत ८,०५० रुपयांचा फरक येऊं लागला. सहकाऱ्यांनीं दोनदां, साहेबांनीं स्वतः एकदां, सर्व रकाना डोळ्यांखालून घातला. रक्कम तर ढळढळीत तेथें दिसत होती, पण बेरजेंत येत नव्हती. अखेर नियमाप्रमाणें आवाज मोकळा सोडून आम्ही दोघे ओळीमागून ओळ खालीं उतरूं लागलों. एका चौकटीवर यंत्र ‘आठ हजार पन्नास’ न म्हणतां ‘आठ, ओ, पन्नास’ असें कांहींसें अडखळलें. मीं म्हटलें, “थांबा.” सहकारी म्हणाले, “ताई, बरोबर आहे कीं, आठ शून्य पांच शून्य.” “नाहीं,” मीं म्हटलें, “पहिलें शून्य हें शून्य नाहींच. तो इंग्रजी ‘ओ’ आहे.”

कोणीतरी घाईंत आंकड्याऐवजीं अक्षर टंकलें होतें. पडद्यावर दोहोंचें रूप जवळजवळ एकच. शिवाय सबंध रकाना मध्यावर जुळविलेला असल्यानें तें वेगळें उठूनही दिसत नव्हतें. बेरजेचें सूत्र मात्र अक्षर मिसळलेल्या मजकुराला आंकडा मानीत नाहीं. तें त्याला चुपचाप वगळतें. डोळ्यांनीं आपल्या सवयीप्रमाणें अर्थ लावून घेतला होता. कानानें जें होतें तेंच ऐकलें.

मी ही गोष्ट आपला मोठेपणा सांगावा म्हणून सांगत नाहीं. मार्चमध्यें ज्या चार रकमा माझ्या हातून चुकल्या त्या डोळसांनींच हुडकून काढल्या होत्या. सांगावयाचें तें इतकेंच, कीं त्या दिवशीं आवाज मोकळा नसता, तर सहकाऱ्यांचे डोळे आणि माझे कान एकमेकांस भेटलेच नसते. साहेब मेजापाशीं येऊन उभे राहिले, थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग “बाई, पुढील तिमाहीच्या नोंदी तुमच्याचकडे ठेवूं,” असें म्हणून निघून गेले. टेलिफोनचा विषय त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

घरांतील पडदा

आपल्याला कचेरी नाहीं, मग ह्या लेखाशीं आपला काय संबंध, असें ज्या वाचकभगिनींस वाटेल त्यांनीं आपल्या घरांतील वडील माणसांकडे पाहावें. आमचे मामंजी ८१ वर्षांचे आहेत. वार्धक्यानें त्यांच्या दृष्टीचा मध्यभाग विझला आहे. त्यांच्या मोबाईल फोनांत पडदावाचक आहेच, कारण हल्लीं प्रत्येक चांगल्या फोनांत तो मुळांतच दिलेला असतो; कोणाच्यांत ‘टॉकबॅक’, तर कोणाच्यांत ‘व्हॉइसओव्हर’. तो चालू असतांना पडद्याला एकदां बोट लावलें तर फोन नुसतें नांव सांगतो, आणि लागोपाठ दोनदां टिचकी मारली तरच तें उघडतें. माझा पुतण्या हें न जाणून एकदां मदतीस धांवला. “आबा, द्या इकडे, मी लावून देतों,” म्हणून त्यानें फोन ओढून घेतला, तो आपल्या हाताला वळेना म्हणून वाचकच बंद करून टाकला, भजन लावून दिलें आणि खेळावयास गेला. भजन संपल्यावर मामंजींच्या हातीं उरली एक मुकी कांच. मी कचेरींतून येईपर्यंत ते ती हातांत धरून बसून होते. कोणास हांक मारणें त्यांच्या स्वभावांत नाहीं.

मी पुतण्यास रागावलें नाहीं. त्याला मामंजींच्या शेजारीं बसविलें, त्याचे डोळे मिटविले, आणि त्यांनाच त्याला दोन टिचक्यांचा फोन शिकवावयास सांगितलें. मामंजींनीं आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें. बऱ्याच वर्षांनीं त्यांना पुन्हां एक विद्यार्थी मिळाला. आतां पुतण्या फोन मागतो तेव्हां ‘आबा, घेऊं का?’ म्हणतो, आणि परत देतांना ‘दिला’ म्हणतो. सासूबाईंच्या मिठाचा नियम अशा रीतीनें स्वयंपाकघरांतून कचेरींत आणि कचेरींतून माजघरांत आला.

अखेर पुन्हां त्या आंधळ्या-पांगळ्यांकडे येतें. टीकाकार सांगतात, कीं इष्ट स्थळीं पोंचल्यावर तें जोडपें विभक्त झालें. ज्याचा त्याचा कार्यभाग साधला होता. आमची गोष्ट निराळी आहे. आम्हांपैकीं कोणी कोणाच्या खांद्यावर बसलेलें नाहीं, आणि आमचें इष्ट स्थळही एकदांच गांठावयाचें नाहीं. उद्यां सकाळीं दहा वाजतां सहकारी पुन्हां खुर्ची ओढून घेतील, मी हेडफोन काढून आवाज मोकळा करीन, आणि ते म्हणतील, “ताई, एफ ४२.”